परदेशी विद्यापीठ पऱ्हाटी मागतंय, सही करावी का? (उत्तर थोडं लांब आहे)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. उत्तर 'करा' किंवा 'करू नका' एवढ्यात बसत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात यांची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, बहुतेक सभासद कोरडवाहू कपाशीवाले. युरोपातल्या एका विद्यापीठाचा मेल आलाय की पऱ्हाटीपासून (कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या कपाशीच्या वाळक्या झाडापासून) विमानाचं इंधन आणि रसायनं बनवण्यावर तीन-चार देश मिळून एक संशोधन प्रकल्प करताहेत, त्यात तुम्ही भारतातले भागीदार म्हणून या, सोबतच्या सहमतीपत्रावर सही करून पाठवा, आणि सुरुवातीला दोनशे किलो पऱ्हाटी पाठवा. भाऊंचे प्रश्न तीन आहेत. सही करावी का, पैसे मिळतील का, आणि गावात प्लांट येईल का.

मी बरीच वर्षं याच कामात आहे. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, भंडारा-गोंदियाकडची धानाची तणस, यांचे नमुने गोळा करायचे, लॅबमधे त्यांचं पृथक्करण करायचं, पायलटवर (छोट्या प्रायोगिक प्लांटवर) चालवून बघायचं, आणि बाहेरच्या देशांतल्या लोकांसोबत प्रकल्प लिहायचे आणि निभवायचे. त्यामुळे जे लिहितोय ते केलेल्या कामावरून लिहितोय, पण तुमचा तो मेल आणि त्याचा मसुदा मी बघितलेला नाही, म्हणून काही गोष्टी 'तिथे काय लिहिलंय त्यावर' सोडाव्या लागतील.

आधी प्लांटचं बोलू, कारण सभेत लोकांनी तोच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला असणार. प्लांट येणार नाही. निदान या प्रकल्पातून तरी नाही, आणि हे सभासदांना आजच सांगून टाका. संशोधनाच्या प्रकल्पात टीआरएल नावाची एक १ ते ९ अशी पायरी लिहिलेली असते, १ म्हणजे नुसती कल्पना, ९ म्हणजे बाजारात चालणारा कारखाना. विद्यापीठाच्या पुढाकाराने होणारे असे प्रकल्प बहुतेक ३ पासून ५ पर्यंत जायचं म्हणतात, म्हणजे काचेच्या भांड्यातून निघून एका छोट्या पायलटपर्यंत. मसुद्यात हा आकडा शोधा, तो असतोच. तिथून पुढे कारखान्यापर्यंत जायला वेगळे लोक, वेगळा पैसा आणि बरीच वर्षं लागतात.

किती वर्षं आणि किती माल, याचा अंदाज यावा म्हणून आपल्याच देशातली दोन उदाहरणं देतो. पानिपतला इंडियन ऑइलचा तणसापासून इथेनॉल करायचा प्लांट १० ऑगस्ट २०२२ ला सुरू केला, त्यात पुण्याच्या प्राजचं तंत्रज्ञान आहे, खर्च ९०० कोटींच्या वर, आणि त्याला वर्षाला साधारण २ लाख टन धानाचं तणस लागतं, त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल अपेक्षित आहे. आता हेच आपल्या पऱ्हाटीला लावून बघा. हेक्टरी पऱ्हाटी २ ते ३ टन धरतात, आपल्या कोरडवाहू हलक्या जमिनीत त्याहून कमीच, तरी २ टन धरली तर एका प्लांटला १ लाख हेक्टरवरची सगळीच्या सगळी पऱ्हाटी लागेल, एकही काडी चुलीत न जाता. दुसरं उदाहरण आसामच्या नुमालीगडचं, बांबूपासून इथेनॉल, आणि सोबत फुरफुरल व ॲसेटिक ॲसिड ही रसायनं. हे खरंच आंतरराष्ट्रीय सहकार्यातून झालंय, फिनलंडच्या केमपोलिसचं तंत्रज्ञान, फोर्टम ही तिथलीच कंपनी भागीदार, आणि आपली नुमालीगड रिफायनरी. पायाभरणी २०१९ ला, उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात. आणि तिथे माल विकत घेणारी रिफायनरी पहिल्या दिवसापासून भागीदार होती, ते नसतं तर फिनलंडची पद्धत कितीही चांगली असून उपयोग नव्हता.

आणि बाहेरच्या मोठ्या लोकांचंही ऐका, कारण मेलमधे युरोप-अमेरिका दिसलं की आपल्याला वाटतं त्यांना सगळं जमलेलंच आहे. अमेरिकेत आयोवात ड्युपॉन्टने मक्याच्या कडब्यापासून इथेनॉलचा प्लांट २०१५ ला उघडला, २०१७ ला विकायला काढला. स्पेनच्या अबेंगोआचा कान्ससमधला प्लांट २०१४ ला सुरू होऊन वर्षभरात थांबला. इटलीतला क्रेशेंतिनोचा २०१३ चा प्लांट, ज्यात डेन्मार्कच्या नोव्होझाइम्सचे एन्झाइम (काडातली साखर सुटी करणारी जैविक द्रव्यं) होते, तो २०१७ ला बंद पडला आणि पुढे दुसऱ्या कंपनीने घेतला. हॉलंडच्या डीएसएम आणि अमेरिकेच्या पोएटचा प्लांट २०१४ ते २०१९. आणि अगदी अलीकडचा, क्लॅरियंटचा रोमानियातला गव्हाच्या काडापासूनचा प्लांट, २०२१ ला बांधून झाला आणि २०२३ च्या डिसेंबरात बंद करायचं जाहीर केलं. कारणं सगळीकडे तंतोतंत सारखी नव्हती, कुठे मालक कंपनीच बुडाली, कुठे धोरण बदललं, पण यातली कितीतरी डोकेदुखी एन्झाइम आणि रसायनशास्त्राच्या अलीकडची होती. काड शेतातून माती घेऊन येतो, गंजी भिजते, गंजीला आग लागते, कन्व्हेयर अडकतो, स्क्रू झिजतो, प्लांट ठरल्या क्षमतेला पोचतच नाही. हा भाग लॅबमधे दिसत नाही, कारण लॅबमधे येणारा माल निवडून, धुऊन, दळून आलेला असतो.

आता इथे तुमची खरी जागा आहे, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्नही हाच आहे. ते तुमच्याकडे पऱ्हाटी मागताहेत असं तुम्हाला वाटतंय. पऱ्हाटी त्यांना कुठूनही मिळेल, ग्रीसमधे कापूस होतो, स्पेनमधे होतो. तुमच्याकडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही ते म्हणजे पऱ्हाटीची माहिती: कोणत्या महिन्यात किती निघते, उपटताना किती ओली असते, कोणत्या वावरातली मातीसकट येते, मजूर कधी मिळतो कधी नाही, धुऱ्यावर रचून ठेवली तर अवकाळीत तिचं काय होतं, आणि कोणता शेतकरी कोणत्या भावाला द्यायला तयार होईल. पत्रावर सही करून दोनशे किलो पाठवली तर ही सगळी माहिती फुकटात गेली, किंवा त्याहून वाईट म्हणजे गेलीच नाही, आणि तिकडे कोणीतरी चुकीच्या नमुन्यावर तीन वर्षं काम केलं.

थोडं जवळून दाखवतो म्हणजे पटेल. पऱ्हाटीत सेल्युलोज किती, हेमिसेल्युलोज किती (या दोन्हींतून साखर निघते), लिग्निन (काडीला कडक करणारा भाग) किती हे काढायची जगभर मान्य झालेली एक पद्धत आहे, अमेरिकेच्या एनआरईएल या प्रयोगशाळेने लिहून फुकट उपलब्ध करून दिलेली, आम्ही तीच वापरतो, युरोपवालेही बहुतेक तीच वापरतात. त्यात नमुना किती लागतो? ३०० मिलिग्रॅम. चिमूटभर. त्यावर ७२ टक्क्यांचं ३ मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड टाकून ३० अंशावर एक तास ठेवायचं, मग पाणी घालून ॲसिड ४ टक्क्यांवर आणायचं, आणि १२१ अंशावर ऑटोक्लेव्हमधे (प्रेशर कुकरसारख्या भांड्यात) पुन्हा एक तास. साखरा विरघळून पाण्यात येतात, त्या मोजायच्या, आणि जे विरघळत नाही ते गाळून वाळवून वजन करायचं, ते लिग्निन. पण जे विरघळत नाही त्यात माती पण असते ना! म्हणून तो गाळ ५७५ अंशावर जाळून उरलेली राख वजा करावी लागते. आणि नमुना आधी वाळवायचा तो ४५ अंशाच्या आसपास, १०५ वर वाळवलेला नमुना फक्त ओलावा मोजायला चालतो, पृथक्करणाला नाही, कारण त्या तापमानात त्याची ठेवण बदलते. आता विचार करा, दोनशे किलोमधून ती चिमूट कोणती घ्यायची? मुळाकडची का शेंड्याकडची? साल किती, आतली लाकडी काडी किती, वाळलेली पानं आणि नखं (बोंडाची वाळकी टरफलं) किती? हे ठरवणारा माणूस वावरात उभा असायला पाहिजे.

मातीचं तर वेगळंच प्रकरण आहे. पऱ्हाटी मुळासकट उपटली की काळी माती मुळांना धरून येते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुन्याचे खडे असतात. ॲसिडच्या पद्धतीने प्रीट्रीटमेंट (साखर काढायच्या आधी काडी मोकळी करणं) करायची असेल तर हा चुना ॲसिडच खाऊन टाकतो, आणि तिकडचा संशोधक डोकं खाजवत बसतो की ठरलेलं ॲसिड टाकूनही रिॲक्शन का होत नाहीये. बाकीची वाळू-माती कटरची पाती आणि स्क्रू झिजवते. आणि साल! पऱ्हाटीची साल ताग-अंबाडीसारखी धाग्याची असते, श्रेडरच्या शाफ्टला ती गुंडाळत जाते आणि मशीन बसते, हे ज्याने एकदा चालवून बघितलंय त्याला सांगावं लागत नाही. गव्हाच्या काडावर बनवलेली यंत्रं पऱ्हाटीवर म्हणूनच जशीच्या तशी चालत नाहीत. ग्रीसमधे कापूस यंत्राने वेचतात, झाड बुटकं ठेवतात. आपलं झाड हाताने वेचायचं, लांब हंगामाचं, काडी जाड आणि लाकडासारखी. दोन्हीला कॉटन स्टॉकच म्हणतात, पण भट्टीत आणि रिॲक्टरमधे वागणूक वेगळी.

मग नमुना कसा द्यावा? माझी पद्धत सांगतो. भारी काळी, मध्यम आणि मुरमाड अशा तिन्ही प्रकारच्या जमिनी निवडा, प्रत्येकात वेगवेगळ्या शेतकऱ्यांची वावरं घ्या, वाण लिहा, शेवटची वेचणी कधी आणि उपटली कधी ते लिहा, हाताने उपटली का चिमट्याने का ट्रॅक्टरने ते लिहा, आणि बुडखा तोडून टाकला का मुळासकट ठेवला ते पण. त्याच वावरातली थोडी पऱ्हाटी शेडमधे आणि थोडी धुऱ्यावर उघड्यावर ठेवून पाऊस-उन्हाळ्यानंतर पुन्हा नमुना घ्या. तुकडे करून एका ताडपत्रीवर ढीग करायचा, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन काढून टाकायचे, पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग, असं करत करत छोट्या पिशवीपर्यंत यायचं. आणि प्रत्येक पिशवीची जोड पिशवी सीलबंद करून तुमच्याकडे ठेवायची. हे शेवटचं विसरू नका. उद्या तिकडून रिझल्ट आले आणि अकोल्याच्या किंवा नागपूरच्या लॅबला ते पडताळायचे म्हटलं तर तुमच्या हातात काहीतरी पाहिजे.

आता पाठवायच्या कायद्याचं. हे रुक्ष आहे पण यात अडकून बसलेले प्रकल्प मी बघितलेत. भारतातलं जैविक संसाधन संशोधनासाठी परदेशी संस्थेला द्यायचं तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडाचा कुठलाही भाग यात येतो, पऱ्हाटी ही आपल्याला सरपण वाटली तरी. सरकारमान्य सहयोगी संशोधन प्रकल्पांना कलम ५ खाली सूट मिळू शकते, पण ती केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे मंजूर झालेल्या संस्था-संस्थांमधल्या प्रकल्पांना, कोणी मेल केला आणि कोणी पार्सल केलं त्याला नाही. पुढे यावर पेटंट घ्यायचं झालं तर कलम ६ आहेच. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपूरलाच आहे, म्हणजे तुम्हाला विचारायला लांब जायची गरज नाही, आणि तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच, तिलाही कळवा.

दुसरं म्हणजे रोग-किडीचं. वनस्पतीचा माल बाहेर पाठवायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं आणि घेणाऱ्या देशाची आयात परवानगी लागते, आणि कपाशीच्या बाबतीत तपासणारे जास्तच कडक असतात. गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलंय ते मी घाटंजीच्या माणसाला सांगायची गरज नाही. अमेरिकेने मोठी मोहीम काढून २०१८ मधे ही अळी आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून संपली असं जाहीर केलं, तर अशा देशात आपली न दळलेली पऱ्हाटी, त्यात अळीचे कोष असू शकणारी वाळकी बोंडं, कोण येऊ देईल? शिवाय त्या न फुटलेल्या बोंडात सरकी असते, आणि आपली कपाशी बीटी आहे, म्हणजे उगवू शकणारं जनुकीय बदल केलेलं बियाणं नकळत परदेशात गेलं. म्हणून बोंडं वेचून काढायची, पऱ्हाटी इथेच वाळवून बारीक दळायची आणि दळलेला भुगाच पाठवायचा, तो उष्णतेने निर्जंतुक करायचा का, केल्याने त्यांच्या प्रयोगावर काय परिणाम होईल, हे त्यांच्याशी बोलून लेखी ठरवायचं. दोनशे किलो अख्खी पऱ्हाटी मागणाऱ्या माणसाने बहुतेक हा विचार केलेला नाही. याचा अर्थ तो वाईट माणूस आहे असा नाही, त्याने वावर बघितलेलं नाही एवढाच.

आता पैसे. इथे 'अवलंबून आहे' म्हणावंच लागेल, कारण पैसा कुठल्या योजनेतून येतोय ते मला माहीत नाही. तो जर युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या संशोधन निधीच्या योजनेतला असेल तर भारतातल्या संस्थांना भाग घेता येतो पण युरोपचे पैसे आपोआप मिळत नाहीत, आपल्या बाजूचा खर्च आपल्या सरकारी विभागाने उचलायचा असतो, किंवा त्या विशिष्ट योजनेत तशी सोय असावी लागते. अशा वेळी तुमचं नाव 'असोसिएटेड पार्टनर' म्हणून जातं, म्हणजे काम आहे, नाव आहे, बजेट नाही. हा शब्द मसुद्यात आहे का बघा. असला तरी निराश व्हायचं कारण नाही, तुमची सेवा विकत घ्या असं म्हणता येतं: नमुना गोळा करणं, वाळवणं, दळणं, नोंदी ठेवणं, शेतकऱ्यांचं सर्वेक्षण, या सगळ्याचं रीतसर बिल. आणि विदेशी पैशाला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागतो, त्यात अनुदान म्हणून आलेला पैसा वेगळा आणि नेहमीच्या धंद्यात मालाचं किंवा कामाचं बिल लावून आलेला पैसा वेगळा धरतात, तर एक रुपया घेण्याआधी तुमच्या सीएला विचारा.

चांगलं सहकार्य कसं असतं याचा एक नमुना सांगतो. २०१२ मधे भारत-अमेरिका सरकारांनी मिळून स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठी काही गट केले, त्यातला काडी-कचऱ्यापासूनच्या इंधनाचा गट तिकडून फ्लोरिडा विद्यापीठ आणि इकडून हैदराबादची आयआयसीटी ही रसायन संशोधन संस्था चालवत होती, सोबत इक्रिसॅटसारख्या पीक संशोधन संस्था, आणि पिकं कोणती तर गोड ज्वारी, बाजरी, बांबू वगैरे. दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूचा पैसा दिला, दोन्हीकडे एक-एक जबाबदार संस्था होती. तुमच्या प्रकल्पात भारताच्या बाजूची अशी संस्था कोण आहे? मेलमधे तुमच्याशिवाय दुसरं भारतीय नाव नसेल तर माझा पहिला सल्ला हाच की ते आणा. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, आणि कापसाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या सिरकॉट या संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, सिरकॉटने तर पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट (दाबून केलेल्या जळणाच्या विटा आणि गोळ्या) यावर आधीच बरंच काम केलंय. अशी संस्था सोबत असली की वरची कायद्याची अर्धी कामं त्यांच्या लेटरहेडवर होतात, आणि रिझल्ट मराठीत समजावून सांगणारं कोणीतरी हाकेच्या अंतरावर राहतं. २०२२ पासून बायोरिफायनरीच्या (काडी-कचऱ्यापासून इंधन-रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांच्या) आंतरराष्ट्रीय मिशनचं नेतृत्व भारत आणि नेदरलँड्स मिळून करताहेत, २०२३ च्या जी-२० मधे जैवइंधनाची जागतिक आघाडीही झाली, म्हणजे वरच्या पातळीवर दार उघडं आहे, पण त्यातून आत जायला अशी संस्था लागते.

इथपर्यंतचं एका दमात: प्लांटची आशा दाखवू नका, नमुन्याची माहिती हीच तुमची ताकद आहे, आणि भारतीय संस्था सोबत असल्याशिवाय काही पाठवू नका.

आता एक गोष्ट जी मेलमधे नक्की नसणार. त्यांच्या कागदात पऱ्हाटीला 'वेस्ट' किंवा 'रेसिड्यू' लिहिलेलं असेल, आणि पर्यावरणाचा हिशोब करताना तिची किंमत शून्य धरलेली असेल. युरोपात गरज खरी आहे, तिथे २०२५ पासून विमानाच्या इंधनात २ टक्के आणि २०३० पासून ६ टक्के शाश्वत इंधन मिसळायचा कायदा झालाय, आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्क्यापासून सुरुवात करायचं उद्दिष्ट आहे, त्यामुळे सगळे कच्चा माल शोधताहेत. पण पऱ्हाटी शून्य किमतीची नाही हो. एका गावात आम्ही नमुने घेत होतो तेव्हा धुऱ्यावर मोळी बांधणारी एक म्हातारी बाई म्हणाली, "तुमी नेता पऱ्हाटी, मंग चुलीत काय घालू आमी?" तिच्या नावावर जमीन नव्हती, दुसऱ्याच्या वावरातली पऱ्हाटी उपटून द्यायची आणि त्यातली सरपणाला न्यायची, हीच तिची मजुरी. सिलिंडर घरात आहे, भरायला पैसे नाहीत. उद्या पऱ्हाटीला भाव आला तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील पण या बाईचं सरपण जाईल, आणि हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही कारण तक्त्यात ती बाईच नाही. तुमच्या सर्वेक्षणात भूमिहीन घरांचा सरपणाचा वापर मोजायचा, ही अट तुम्ही घालू शकता, आणि घाला. चांगला संशोधक यावर खूषच होईल, त्याला हा आकडा तिकडे बसून कधीच मिळणार नाही.

जमिनीचंही तसंच. सगळी पऱ्हाटी बाहेर नेली तर मातीत परत काय जातं? काही शेतकरी आता रोटाव्हेटर-श्रेडरने जागेवरच बारीक करून मिसळतात, त्यांच्याकडून नेणं बरोबर का, हे जमिनीवर अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूने, फरदड (वेचणी संपल्यावरही पुढच्या कापसासाठी उभं ठेवलेलं पीक) न ठेवता पऱ्हाटी वेळेत उपटून वावराबाहेर काढली तर बोंडअळीचं चक्र तुटायला मदत होते, धुऱ्यावर महिनोन्महिने रचून ठेवली तर नाही. म्हणजे वेळेवर गोळा करणारी यंत्रणा गावात उभी राहिली तर विमानाचं इंधन झालं नाही तरी फायदा आहे. आणि ती यंत्रणा रिकामी बसणार नाही, ब्रिकेटवाले आजही पऱ्हाटी आणि कुटार घेतात, औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के बायोमास मिसळावा असं केंद्राचं धोरण २०२१ च्या ऑक्टोबरात आलं, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही केंद्रं आपल्याच भागात आहेत. श्रेडर, ताडपत्र्या, वजनकाटा, ओलावा मोजायचं मीटर, नोंदी ठेवणारी दोन पोरं-पोरी, एवढं जरी प्रकल्पाच्या पैशातून तुमच्या कंपनीत राहिलं तरी मी तो प्रकल्प चांगला झाला असं म्हणेन. परदेशी पाहुणे येतील, फोटो होतील, पेपर छापून येतील, पण तुम्ही वाटाघाटीत जोर लावायचा तो या सामानावर आणि या पोरांच्या पगारावर.

तर सही. नुसतं 'आम्हाला या विषयात रस आहे' एवढंच पत्र असेल, ज्यात माल द्यायचं बंधन नाही, शेतकऱ्यांचा डेटा द्यायचं बंधन नाही आणि तुमच्या नावावर कुठला खर्च टाकलेला नाही, तर संचालक मंडळात ठराव घेऊन द्यायला हरकत नाही, अर्ज भरताना त्यांना ते लागतं. पण त्याच कागदात नमुने, हक्क, गुप्तता वगैरे शब्द असतील तर तो साधा पाठिंबा नाही, तो करार आहे, आणि तो भारतीय संस्था आणि वकील बघितल्याशिवाय नको. करार करायची वेळ आली की मी या गोष्टींवर अडून बसतो: नमुन्याचे सगळे रिझल्ट, फसलेल्या प्रयोगांचे सुद्धा, ठरल्या मुदतीत आपल्याला मिळाले पाहिजेत आणि मराठीत एक सोपा अहवाल पण. नमुना सांगितलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, तिसऱ्याला द्यायचा नाही. नोंदी ठेवणाऱ्या पोरांचं काम पेपरमधे मोजलं गेलं पाहिजे, आभारात गावाचं नाव टाकून भागत नाही. आणि गावातल्या दोघांना तरी त्यांच्या किंवा आपल्या लॅबमधे शिकायला पाठवलं पाहिजे. यातलं सगळंच मिळेल असं नाही, माझ्या अनुभवात शिकायला पाठवायचं लवकर मान्य होतं आणि फसलेले रिझल्ट मागितले की लोक काचकूच करतात, पण मागितलंच नाही तर काहीच मिळत नाही. मागितल्यामुळे प्रकल्प हातचा जाईल ही भीती काढून टाका. ज्याला खरंच काम करायचंय तो अशा प्रश्नांनी पळत नाही.

मेलचं उत्तर देताना आधी मराठीत लिहून काढा, मग इंग्रजी करून घ्या, म्हणजे काय विचारायचंय ते सुटत नाही. चार गोष्टी विचारा: पैसा कुठल्या योजनेतून आणि आमची भूमिका कोणती, भारतातली संस्था कोण, जैवविविधता प्राधिकरणाची आणि आयातीची परवानगी कोण काढणार, आणि दोनशे किलो अख्खी पऱ्हाटीच का, दळलेला आणि नोंदींसकटचा छोटा नमुना का नाही. उत्तर आठवड्यात आलं आणि मुद्द्याला धरून आलं तर माणूस कामाचा आहे. नुसतं 'प्लीज साइन' आलं तर सोडून द्या.

मसुदा आला की नावं-पत्ते काढून इथे टाका, कलमं मी बघून सांगतो. आणि हा प्रकल्प होवो न होवो, यंदा उलंगवाडी झाली (कापसाची वेचणी संपली) की पाच-सहा वावरांतले नमुने नोंदीसकट घेऊन सीलबंद करून ठेवाच, उंदीर लागणार नाही अशा डब्यात. पुढचा मेल येईल तेव्हा त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे एका हंगामाचा स्वतःचा डेटा असेल.